काठमांडूत दोन गाड्या करू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून तुमचं आणि नागपूरहून तुमच्या मित्राचं, अशी दोन कुटुंबं मिळून काठमांडूला निघाली आहेत. हातात चार पूर्ण दिवस. तुमच्या आई ६८ वर्षांच्या, गुडघे दुखरे, आणि त्यांना पशुपतिनाथ झाला की बाकी काही नाही झालं तरी चालेल. मित्राचे वडील निवृत्त शिक्षक, बौद्ध उपासक. त्यांना स्वयंभू आणि बौद्धनाथ हे दोन स्तूप निवांत पाहायचे आहेत. सोबत तुमची ११ वर्षांची मुलगी. एजंटाने तोडगा काढला: दोन गाड्या, एक 'हिंदू सर्किट' आणि एक 'बुद्धिस्ट सर्किट', रात्री जेवायला सगळे हॉटेलवर. वर एक दिवस मनकामना देवीचं दर्शन. हे ठीक आहे का, असं तुम्ही विचारलंय.

ठीक नाही. मी मराठी मंडळींना घेऊन बरीच वर्षं या खोऱ्यात येतो-जातो, आणि अशी वाटणी केलेले कार्यक्रम पाहिले की वाईट वाटतं. कारण सोपं आहे: वाटणी एजंटाच्या कागदावर होते, शहरात होत नाही. 'बौद्ध' गाडी स्वयंभूला गेली की तिथल्या हारतीच्या देवळापुढे कुंकवाची ताटं घेतलेल्या बायकांची रांग दिसणार. 'हिंदू' गाडी वसंतपूरला, म्हणजे काठमांडूच्या दरबार चौकात गेली की जिच्या खिडकीखाली सगळे थांबतात ती कुमारी, म्हणजे जिवंत देवी, शाक्यांच्या, म्हणजे बौद्ध घरातली मुलगी, आणि तिची पूजा मात्र मल्ल राजांची कुलदेवता तलेजू म्हणून. मग ती कुठल्या गाडीच्या वाट्याला?

पण हेही आधीच सांगतो, म्हणजे सहलीत तोंड कडू होणार नाही. 'शेवटी सगळं एकच हो' हे वाक्य काकांपुढे, म्हणजे मित्राच्या वडिलांपुढे, काढू नका. आंबेडकरी बौद्धाच्या दृष्टीने ते एक नाही. बावीस प्रतिज्ञा पाळणाऱ्या माणसाला 'चला, दर्शन तर घ्या' असा आग्रह करणं वाईट दिसतं. या खोऱ्याचे जुने रहिवासी असलेल्या नेवार लोकांतसुद्धा सरमिसळ आहे म्हणून सगळं गोळा झालेलं नाही. बौद्ध वज्राचार्य आणि हिंदू राजोपाध्याय ही पुरोहितांची घराणी वेगळी, विधी वेगळे, कोणी कुठवर आत जायचं हेही ठरलेलं. यजमान मात्र एकाच गल्लीतले असतात. एवढं डोक्यात ठेवून फिरलात तर दोन्ही ज्येष्ठांना आपापलं पाहायला मिळेल आणि एकमेकांचंही.

आता मुक्काम. ठमेल हा पर्यटकांनी गजबजलेला भाग टाळा, पाटणला राहा. पाटण म्हणजे ललितपूर, बागमतीच्या दक्षिणेला, जुन्या काठमांडूपासून पाचेक किलोमीटर. तिथे बहालांमध्ये जुन्या घरांची छोटी गेस्टहाऊस झाली आहेत. बहाल म्हणजे मूळचा विहार: मधे चौक, चौकात चैत्य, एका बाजूला देवघर, उरलेल्या तीन बाजूंना माणसं राहतात. एक अडचण मात्र खरी आहे. या घरांचे जिने लाकडी आणि शिडीसारखे उभे असतात, दारं बुटकी. आईंच्या गुडघ्यांचा विचार करून तळमजल्याची खोली आधीच पक्की करा. 'बघू, देऊ' या उत्तरावर विसंबू नका. तशी खोली नसेल तर दरबार चौकाजवळचं लिफ्टवालं साधं हॉटेल बरं.

पाटणला राहायचा फायदा सकाळी सहाला कळतो. दाराशी उभं राहून नुसतं बघा. एखादी बाई हातात पितळेची छोटी थाळी घेऊन निघते. थाळीत अक्षता, शेंदूर, चार झेंडूच्या पाकळ्या, एक वात. आधी उंबऱ्यापाशी चिमूटभर. मग गल्लीच्या तोंडाशी गणपती, त्याला शेंदूर लावून तेच बोट स्वतःच्या कपाळाला. मग बहालातला चैत्य, त्याच्या चारी बाजूंच्या बुद्धांना तशाच अक्षता, तसाच शेंदूर. मग कोपऱ्यावरचं शिवाचं देऊळ, घंटा एकदा वाजवायची, आणि येताना दूध घेऊन घरी. पंधरा-वीस मिनिटांत सगळं आटपतं. काकांना विचारा, तुमच्या एजंटाने ही बाई कुठल्या गाडीत बसवली असती.

पाटणच्या दरबार चौकातलं कृष्णमंदिर सिद्धिनरसिंह मल्लाने बांधलं, १६३७ साली. आजूबाजूला सगळी विटा-लाकडांची उतरत्या छपरांची देवळं आणि मधेच हे आपल्याकडच्यासारखं शिखर असलेलं दगडी देऊळ. पहिल्या मजल्यावर कृष्ण, दुसऱ्यावर शिव, तिसऱ्यावर लोकेश्वर, म्हणजे बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. पहिल्या मजल्याच्या पट्टीवर महाभारत कोरलंय, दुसऱ्याच्या पट्टीवर रामायण. मुलीला बाहेर उभं करून प्रसंग ओळखायला सांगा. अर्धा तास निघतो आणि तुम्हाला शांतपणे बसता येतं. तिथून उत्तरेला पाच मिनिटांवर हिरण्यवर्ण महाविहार, लोक क्वा बहाल किंवा सोन्याचं देऊळ म्हणतात. आतल्या चौकात चामडं चालत नाही, तेव्हा पट्टा आणि पाकीट खोलीवरच ठेवा. इथला मुख्य पुजारी बारा वर्षांच्या आतला मुलगा असतो. ठरावीक दिवस सेवा करतो आणि मग दुसऱ्याची पाळी येते. चौकात कासवं हिंडत असतात. तुमच्या मुलीला हा मुलगा आणि ही कासवं बाकी सगळ्यापेक्षा जास्त लक्षात राहतील, बघा.

पाटणमध्ये मराठी माणसाने चुकवू नये अशी जागा मात्र वेगळीच आहे, आणि ती बहुतेक सहलींच्या कागदावर नसते. ता बहालातलं रातो मच्छिंद्रनाथाचं देऊळ. हो, तोच. आपल्याकडे नवनाथांच्या पारायणातला, मायंब्याचा, 'चलो मच्छिंदर, गोरख आया' मधला. वारकऱ्यांच्या लेखी मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि मग ज्ञानोबा असा जो धागा येतो, त्याचं पहिलं टोक. इथे तो लाल चेहऱ्याचा, मोठाल्या डोळ्यांचा देव होऊन बसलाय आणि पाऊस पाडतो. कथा अशी सांगतात की गोरखनाथ खोऱ्यात आले, त्यांचा यथोचित मान झाला नाही, तेव्हा पाऊस आणणाऱ्या नागांना खाली दाबून ते बारा वर्षं ध्यानाला बसले. दुष्काळ पडला. गोरखनाथांना उठवायचं तर त्यांचे गुरू आणायला हवेत, म्हणून राजा नरेंद्रदेव, तांत्रिक बंधुदत्त आणि एक शेतकरी असे तिघे कामरूपाहून मच्छिंद्रनाथांना घेऊन आले. गुरू दिसताच शिष्य उठला, नाग सुटले, पाऊस आला. आपल्या गोष्टीत मच्छिंद्राला परत आणायला गोरख जातो, इथल्या गोष्टीत गोरखाला उठवायला मच्छिंद्र येतो. आईंनी पारायणं केली असतील तर ही अदलाबदल त्यांना तुम्ही सांगण्याआधीच कळेल.

आणि काकांसाठी: याच मूर्तीला बौद्ध नेवार करुणामय म्हणतात, बुंगद्यः म्हणतात, आणि पूजा बौद्ध पुजारी करतात. त्यांच्या लेखी हा पद्मपाणी लोकेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेऊन उभा असलेला पद्मपाणी काकांनी नक्की पाहिला असेल. तिथे तो भिंतीवर आहे, इथे त्याला रोज आंघोळ, नैवेद्य, मिरवणूक आहे. वैशाखात त्याचा रथ निघतो, वेत आणि बांबूंनी बांधलेलं सुमारे ६० फूट उंचीचं शिखर डुलत डुलत पाटणच्या गल्ल्यांतून ओढतात, आणि जावलाखेलला रत्नजडित बंडी सगळ्यांना दाखवून यात्रा संपते. दर बारा वर्षांनी हा रथ पाटणऐवजी दक्षिणेच्या बुंगमती गावाहून ओढत आणतात. मागचा फेरा २०१५चा. रथ वाटेत असतानाच २५ एप्रिलचा भूकंप झाला आणि बुंगमतीचं मूळ देऊळ कोसळलं. ते आता नव्याने उभं राहिलंय. पुढचा फेरा २०२७चा, हौस असेल तर टिपून ठेवा. एक सूचना: देव सहा महिने पाटणला आणि सहा महिने बुंगमतीला राहतो. तेव्हा तुम्ही जाल त्या आठवड्यात तो कुठे आहे हे गेस्टहाऊसच्या मालकाला विचारा. पाटणमध्ये लहान मुलालाही ठाऊक असतं. बुंगमतीला असेल तर टॅक्सीने अर्धा-पाऊण तास, आणि गाव लाकूड कोरणाऱ्यांचं आहे, जाणं वाया जात नाही.

आता पशुपतिनाथ, कारण आईंचा जीव तिथे अडकलाय. पहाटे लवकर जा, सहाच्या आत पोहोचलात तर उत्तम. शनिवार टाळा, नेपाळची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते आणि सगळं शहर तिथे लोटतं. पश्चिमेच्या मुख्य दाराने आत शिरलं की पहिल्यांदा नंदीचीच पाठ दिसते, अवाढव्य, सोन्याचा मुलामा दिलेली. देऊळ दोन छपरांचं, चार दिशांना चार दारं चांदीने मढवलेली, आणि आत चार मुखांचं शिवलिंग. पाचवं ईशान मुख वरच्या दिशेला, ते डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक दारातून एकेक मुख दिसतं, म्हणून दर्शन फिरून घ्यायचं. गाभाऱ्यात भाविकांना प्रवेश नाही. पूजा करणारे भट्ट परंपरेने कर्नाटकातले, त्यांना मदत करणारे भंडारी स्थानिक. अभिषेक किंवा विशेष पूजा करायची असेल तर पावती पशुपति क्षेत्र विकास कोषाच्या काउंटरवरच फाडा. रांगेत 'मी लवकर सोडतो' म्हणणारा गोड बोलणारा माणूस भेटेलच. त्याला हात जोडा आणि पुढे चला. चामडं नको, आत फोटो नाहीत. एवढं सांगूनही दर गटात एक जण कमरेचा पट्टा काढायला विसरतो.

फाटकावर 'फक्त हिंदूंना प्रवेश' अशा अर्थाची पाटी आहे. भारतीय पाहुण्याला सहसा कोणी अडवत नाही. काकांनी आत जायचं की नाही हे त्यांनी ठरवावं, तुम्ही विषय काढू नका. नाही गेले तरी ते ताटकळत बसतील असं नाही. बागमतीच्या पूर्वेच्या काठावरून देवळाची छपरं, घाट, साधू, माकडं सगळं समोर दिसतं. आर्यघाटावर चिता जळत असतात, उघड्यावर, अखंड. मुलीला आदल्या रात्री सांगून ठेवा. एकदम समोर आलं की मुलं बिचकतात, सांगितलेलं असलं की शांतपणे बघतात आणि मग प्रश्न विचारतात. मोबाइल मात्र खिशात. तिथे कोणाचा तरी बाप जळत असतो आणि समोरून लोक व्हिडिओ काढत असतात, हे बघून मला दर वेळी लाज वाटते. आणखी एक गोष्ट काकांच्या कानावर घाला: वर्षातून एकदा, कार्तिकात, याच लिंगावर बुद्धाचा मुकुट चढवतात आणि त्या दिवशी बौद्ध नेवार इथे पूजेला येतात.

पशुपतीहून गुह्येश्वरीवरून बौद्धनाथला पायी जाता येतं, रमतगमत अर्धा-पाऊण तास. आईंना टॅक्सीत बसवा, बाकीचे चाला. बौद्धनाथला दुपारी जाऊन काही मिळत नाही, संध्याकाळी जा. स्तूप जवळजवळ ३६ मीटर उंच, २०१५च्या भूकंपात वरचा भाग तडकला आणि २०१६च्या नोव्हेंबरात दुरुस्त होऊन पुन्हा खुला झाला. १९५९ नंतर आलेल्या तिबेटी लोकांनी हा परिसर वसवला, भोवती गोंपाच गोंपा, म्हणजे तिबेटी मठ. कामावरून सुटलेली माणसं, हातात माळा घेतलेल्या म्हाताऱ्या, भिक्खू, शाळकरी पोरं, सगळा लोंढा एकाच दिशेने फिरत असतो. स्तूप उजव्या हाताला ठेवून चाला, उलटे फिरलात तर कोणी ओरडणार नाही पण वाट अडेल. जमीन सपाट आहे, आईंनाही एक फेरी सहज जमेल, आणि बसायला कट्टे आहेत.

स्वयंभूचं मात्र पायऱ्यांचं गणित आहे. पूर्वेकडून ३६५ पायऱ्या, शेवटच्या तर अंगावर येतात. पश्चिमेकडून गाडी बरीच वर जाते, तिथून थोड्याच चढायच्या. आई आणि काका पश्चिमेकडून, तुम्ही आणि मुलगी पूर्वेकडून, वर भेटा. खाण्याची पिशवी हातात दिसली की माकडं झडप घालतात. स्तूपावरच्या डोळ्यांमध्ये नाकाच्या जागी चक्क आपला १ आहे. चढून गेल्यावर समोर दिसणारं भलंमोठं वज्र सतराव्या शतकात प्रताप मल्लाने बसवलं. त्याने दोन बाजूंना शिखर असलेली दोन देवळंही बांधली होती, त्यांतलं अनंतपूर २०१५ साली पडलं. हारतीचं देऊळ स्तूपालगतच. मुलं पळवणारी ही यक्षिणी, बुद्धाने तिचंच मूल लपवून तिला धडा दिला आणि ती मुलांची राखणदार झाली. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ती पांचिकाशेजारी बसलेली आहे, पण तिथे तिच्यापुढे आता कोणी अंडी आणि दही ठेवत नाही. इथे तान्ह्या बाळांना घेऊन आया रांगेत असतात, हिंदू आणि बौद्ध दोन्ही.

काकांना एक गोष्ट खटकण्याची शक्यता आहे. त्यांची वंदना पाली, साधी, दिवा-फुलं-धूप एवढ्यावर भागणारी. आणि इथला बौद्ध धर्म नेवार असो की तिबेटी, वज्रयानाचा. मंत्र, मुद्रा, उग्र देवता, मांसाचा नैवेद्यसुद्धा. 'हे कसलं बुद्धाचं?' असं मनात येऊ शकतं. त्यांना स्वयंभूच्याच टेकडीवरच्या आनंदकुटी विहारात न्या. तो थेरवादी, म्हणजे पाली परंपरेचा आहे, तिथे त्यांच्या कानावर ओळखीचं 'बुद्धं सरणं गच्छामि' पडेल. आणि हेही सांगा, त्यांना ठाऊक असेलच: नागपूरच्या १४ ऑक्टोबर १९५६च्या दीक्षेनंतर महिनाभरातच बाबासाहेब याच शहरात आले होते, जागतिक बौद्ध परिषदेच्या चौथ्या अधिवेशनासाठी. बुद्ध आणि मार्क्स यांच्यावरचं त्यांचं भाषण २० नोव्हेंबरला काठमांडूत झालं, आणि त्यानंतर सोळा दिवसांनी ते गेले. नागपूरच्या माणसाला काठमांडू परकं वाटायचं कारण नाही.

जुन्या काठमांडूसाठी एक सकाळ पुरे. असनच्या बाजारातून सुरू करा. जनबहालात शिरा, तिथे सेतो मच्छिंद्रनाथ, म्हणजे गोरा मच्छिंद्रनाथ, चौकभर चैत्यांच्या मधोमध. मग इंद्रचौक आणि पुढे दरबार चौक. काष्ठमंडप, ज्याच्यावरून शहराला नाव मिळालं, भूकंपात पूर्ण पडला होता, पुन्हा बांधलाय. त्याच्या शेजारी अशोक विनायक, एवढासा गाभारा, पण नेवार माणूस कुठल्याही शुभकार्याआधी इथे येऊन जातो. कुमारी खिडकीत दिसेलच असं नाही. दिसली तर फोटो काढायचा नाही, हा नियम कडक आहे.

भक्तपूरला अर्धा दिवस द्या, पाच मजली न्यातपोल आणि मातीच्या भांड्यातलं जुजु धौ, म्हणजे तिथलं गोड दही, हे दोन्ही गाजलेलं आहे, मी काही वेगळं सांगत नाही. फक्त दरबार चौकातूनच परत फिरू नका, तचपाल टोलाला दत्तात्रेयाचं देऊळ आहे तिथवर जा. एकाच झाडाच्या लाकडातून बांधलं अशी आख्यायिका आहे. गाणगापूर-वाडीला जाणारं घर असेल तर आई तिथे रेंगाळतील.

खाण्याचं: मोमो घेताना 'व्हेज' असं ठासून सांगा. 'बफ' लिहिलं असेल तर ते म्हशीचं मांस. उडदाचा 'बारा', म्हणजे वड्यासारखा पदार्थ, सकाळी गरम मिळतो, तो घ्या, पण वर अंडं-मांस नको हे सांगून. योमरी दिसली तर आईंना द्या. तांदळाच्या उकडीत गूळ-तीळ भरलेलं हे प्रकरण बघून आपल्या बायका लगेच कळ्या मोजायला जातात.

दिवाळीची वेळ तुम्ही छान निवडलीत. हवा स्वच्छ असते आणि तिहार, म्हणजे नेपाळची दिवाळी, चालू असतो. आपल्या नरक चतुर्दशीच्या दिवशी तिथे कुत्र्यांची पूजा, गल्लीतल्या प्रत्येक भटक्या कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ आणि कपाळाला टिळा. पाडव्याला नेवारांचं नवं वर्ष. भाऊबिजेला मात्र टॅक्सी मिळायची मारामार, दुकानं बंद. त्या दिवशी चालत जाता येईल एवढंच ठरवा. राणीपोखरीच्या मधलं देऊळ फक्त त्याच दिवशी उघडतं, जमलं तर जा.

कागदपत्रं: विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ. आधारवर विसंबू नका, लोक विमानतळावरून परतलेले आहेत. मुलीचा पासपोर्ट असेल तर तोच घ्या. आपले १०० रुपये म्हणजे तिथले १६०, हा दर बांधलेला आहे. शंभराच्या नोटा भरपूर ठेवा. त्याहून मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात, निघायच्या आठवड्यात पाहून घ्या. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. तिकिटाच्या खिडकीवर ओळखपत्र दाखवा, सार्क देशांना दर कमी आहे.

राहिलं मनकामना. काठमांडूहून शंभरएक किलोमीटर, घाटाचा रस्ता, केबल कारची रांग, आणि सुट्टीच्या दिवसांत गर्दी. सगळा दिवस गाडीत जातो आणि आईंच्या गुडघ्यांना सगळ्यात जास्त त्रास तिथेच होईल. तो दिवस रद्द करून बुढानीलकंठला जा. शेषावर निजलेला पाच मीटरचा काळ्या दगडाचा विष्णू, कुंडातच, आणि सकाळी त्याची पूजा बघता येते. पुढे तुमच्या सुट्टीनंतर दहाएक दिवसांनी कार्तिकी एकादशीला तिथे मोठी जत्रा भरते, त्यामुळे तुम्हाला गर्दी नसलेला निवांत देव मिळेल. शहरापासून दहाएक किलोमीटर, दुपारच्या जेवणाला पाटणला परत. एजंट मनकामनेचे पैसे परत द्यायला कुरकुर करेल, पण गाडी एकच घेतलीत की तुमचा तेवढा खर्च तसाही वाचतोय.